आक्का, मी नानाला बी दिलं नाही

आक्का, तुझं मी ऐकलं नाही. बाकी काही लिहायच्या आधी हे सांगून टाकते. दवाखान्यात, पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत तू म्हणालीस, "मंदे, नानाला बी देऊन टाक." मी हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. "पाणी पी," एवढंच म्हणाले. तुला वाटलं असेल, मंदीनं ऐकलं. न्हाई ऐकलं. तुला जाऊन सव्वा महिना झाला, आणि माझ्या हातून तुझ्या डब्यातलं एक बीसुद्धा नानाकडं गेलेलं नाही.

पुण्यानुमोदनाला, मांडवात तुझ्या फोटोपुढं, लोक तुझ्याबद्दल माइकवर पुष्कळ बोलले. कष्टाळू होती, मनमिळाऊ होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी खाली बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे नेमकं कुणाबद्दल चाललंय? तू तर सगळ्या गावाच्या अध्यात होतीस. दुसऱ्याच्या बांधावर थांबून "ह्याला जरा ताक फवारून बघा की" म्हणणारी बाई तू. त्यासाठी किती जणांनी तुला हाकललं, तेही मला माहीत आहे.

आपण दोघी बहिणी एकाच घरात दिल्या गेलो, तू थोरल्याला, मी धाकट्याला. मी नांदायला आले तेव्हा न्हाणीच्या मागं तू खताच्या रिकाम्या पोत्यांत हळद लावलेली होतीस, आणि सासूबाई गल्लीभर सांगत होत्या की थोरलीच्या डोक्यावर परिणाम झालाय. हळद सडली. मग त्याच पोत्यांत तू बटाटे लावलेस. ते गोट्यांएवढे झाले. आपण दोघींनी ते सालासकट भाजून खाल्ले, आणि तोंडात घास असतानाच तू म्हणालीस, "पुढच्या बारीला राख जास्ती टाकून बघू."

मी विचारलं होतं, "इतकं वाया जातं, तुला काहीच कसं वाटत न्हाई?"

"वाया काय गेलं? पोत्यात हळद येत न्हाई, हे आपल्याला आधी कुठं ठाऊक व्हतं?"

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मी भाजीत मीठसुद्धा मोजून टाकणारी बाई. अंगणवाडीच्या रजिस्टरात खाडाखोड झाली तर मला जेवण जात नाही. तू मात्र सगळ्या गोष्टी अशा हाती घ्यायचीस, जणू कुणी तुला आतून खबर दिलीय की हे जमणार आहे. तशी खबर कुणीच दिलेली नसायची.

आपली जमीन म्हणजे गायरानातला तो तुकडा. सातबाऱ्यावर नाव नाही, दोन-तीन वर्षांनी अतिक्रमणाची नोटीस ठरलेली. शेजारचे लोक एका हंगामात घरी येईल तेवढंच पेरायचे. तू शेवगा लावलास, सीताफळं लावलीस. दाजी चिडले होते. "उद्या उठवलं म्हंजे?"

"उठवलं तर उठवलं. नोटीस यायला दोन साल लागतेत. शेवग्याला आठ महिने लागतेत."

शेवगा अजून उभा आहे.

आता नानाचं लिहिते. माझ्या तोंडून 'नाना आले, नाना गेले' असं मानाचं आता निघत नाही, तू मनात दुरुस्त करून वाच. त्याच्या शेडनेटात मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट. तिथं आपल्या वस्तीतल्या बाया क्रॉसिंगला जायच्या, आणि सगळ्यांत जुनी तू. दुपारनंतर एकेक कळी चिमट्यानं उघडून तिच्यातले नर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा आणि ओळखीसाठी लोकरीचा धागा बांधायचा. तुझ्या शेजारच्या ओळीत गीता असायची. ती म्हणायची, सुमनआक्काचे हात कळीला लागतेत ते कळीला कळत न्हाई.

एका वर्षी मिरचीवर कोकडा रोग आला. पिंपळगावच्या मिरची बाजारात माल यायचा थांबला इतका आला. पानं आकसून गोळा व्हायची, झाड खुरटायचं, फूल धरायचं नाही. नानाच्या शेडमध्येही सगळं पिवळं पडलं. फक्त कडेला, पाइपाच्या गळतीजवळ, एक झाड हिरवंगार होतं. तू नानाला दाखवलंस. नाना म्हणाला, "भेसळीचं झाड हाय ते, उपटून टाक." तू उपटलंस, मुळांना ओला कपडा गुंडाळलास आणि पदराखाली घालून घरी आणलंस. रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलंस.

तिथून सहा वर्षं. त्या झाडाचा आणि गावरान मिरचीचा तू क्रॉस केलास, जो क्रॉस करायला तुला कुणी सांगितलं नव्हतं आणि ज्याची मजुरी तुला कुणी देणार नव्हतं. त्यातून आलेल्या झाडांतली निवडायची, बाकीची टाकायची, निवडलेल्यांचं बी पुन्हा पेरायचं. मधमाश्यांनी दुसरीकडचा पराग आणू नये म्हणून फुलांवर जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या बांधायच्या. एक झाड नुसती पानंच द्यायचं, त्याचं नाव तू 'सरपंच' ठेवलं होतंस. एकाची मिरची दिसायला लालभडक आणि चवीला ढोबळी, ती 'पाहुणी'. तिसऱ्या वर्षी सगळी रोपं शेजारच्या शेळीनं खाल्ली. मी रडले होते. तू नाही. तू शेळीच्या मागं मागं फिरून तिनं कुठली आधी खाल्ली आणि कुठली शेवटी, ते बघत होतीस.

सहाव्या वर्षी पुन्हा कोकडा आला. गावात सगळीकडं पानं आकसली. तुझ्या अंगणातल्या आणि गायरानातल्या झाडांना काही झालं नाही.

तेव्हा नाना आपल्या घरी आला. आपल्या वस्तीत तो यायचा तो मतं मागायला, नाही तर माणसं मागायला. त्या दिवशी तो बाजेवर बसला. मी चहा केला. त्यानं कप हातात धरला, अर्धा तास बोलला, कप तसाच भरलेला खाली ठेवला आणि मूठभर बी घेऊन गेला. "बघू तरी कसं येतं ते." तू त्याला सांगत होतीस, "फुलांना कपडा बांधा बरं का नाना, न्हाई तर बी भेसळ होतं." तो व्हय व्हय म्हणत चपला घालत होता. तो गेल्यावर गार झालेला तो चहा तू पिऊन टाकलास. साखर टाकलीय म्हणालीस.

पुढच्या वर्षी जालन्याला शेतीचं प्रदर्शन भरलं. नानाच्या स्टॉलवर तुझी मिरची, आणि फळ्यावर त्याच्या आईचं नाव. वाणाला त्यानं आईचं नाव दिलं होतं. तुला आणि मला जीपमधून नेलं होतं, टोपल्या मांडायला. दुपारी त्याला स्टेजवर बोलावून फेटा बांधला. प्रयोगशील शेतकरी. माइकवर तो म्हणाला, "सहा वर्षं मी ह्या एका झाडाच्या मागं लागलो व्हतो." सहा वर्षं हा आकडासुद्धा त्यानं तुझ्याकडूनच घेतला होता. मी तुझ्याकडं बघितलं, तर तू टाळ्या वाजवून राह्यली होतीस.

परतीला जीपमध्ये पाहुणे होते, आपल्याला जागा नव्हती. आपण एसटीनं आलो. राजूर आल्यावर मी म्हणाले, "टाळ्या कशाला वाजवल्या?"

"मिरची चांगली व्हती म्हणून."

"ती तुझी व्हती!"

"मंग काय माझ्याच मिरचीला मी टाळ्या वाजवू नये?"

"तो चोर हाय आक्का."

"असू दे की. त्याच्या शेडात लागली म्हंजे अजून हजार झाडांवर बघायला मिळंल. मला तेवढी जागा कुठून मिळाली असती? आता पुढचं बघू. मला लांब मिरची पाहिजे, पण देठाला घट्ट."

आक्का, त्या दिवशी मला नानापेक्षा तुझा राग जास्त आला. अजूनही आहे. तुझ्यावर अन्याय व्हायचा आणि त्याचा राग मला एकटीला वाहावा लागायचा. तू हलक्या हातानं पुढच्या वाफ्याकडं जायचीस आणि मी मागं राहून दात खात बसायची. मी म्हणत होते, जाऊ, बोलू, गावापुढं उभं करू त्याला. तू म्हणायचीस, तेवढ्या वेळात एक वाफा लावून होतो. ते भांडण आपलं कधी संपलंच नाही. एसटीतून उतरताना तू माझा हात धरलास आणि मी झटकला. तो झटकलेला हात मला अजून छळतो, आणि याबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नाही.

नानानं फुलांना कपडा बांधला नाही. ते बायकी काम कोण करणार? बाजूला दुसऱ्या जातींचे प्लॉट, मधमाश्या मोकळ्या. दोन वर्षांत त्याचं बी भेसळ झालं. या वर्षी त्याच्या शेडमध्ये पुन्हा पानं आकसली, आणि वाण बघायला बियाणे कंपनीचे लोक दसऱ्याच्या सुमाराला येणार होते. पानं आकसली त्याच महिन्यात तुला कावीळ झाली. तू दवाखान्यात पडल्यावर त्यानं निरोपावर निरोप पाठवले, तब्येत विचारायला नाही, बी मागायला.

आणि तू म्हणालीस, देऊन टाक. मी तोंड फिरवलं तेव्हा तू म्हणालीस, "त्याचं शेड बसलं तर बायांचं काम बसंल, मंदे." श्वास लागत होता तुला. मी पाणी पाजलं. चौथ्या दिवशी तू गेलीस.

तू गेल्यावर चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरांची कोरी पानं फाडली, पुड्या केल्या आणि तुझ्या डब्यातलं राखेत ठेवलेलं बी त्यांत घातलं. प्रत्येक पुडीत बारा. क्रॉसिंगला जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या नावाची एक, आणि एक बिननावाची. नाना येणार हे मला माहीत होतं. मी त्याची वाट बघत होते. खरं सांगते, माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या चार दिवसांत आटलं होतं, दुसरंच काहीतरी भरून आलं होतं तिथं.

विहारासमोर मांडव होता. तुझ्या फोटोशेजारी कुणीतरी तुझ्या मिरचीची ती बादलीच आणून ठेवली होती. नानानं फुलं वाहिली आणि माइक घेतला.

"सुमन मला लेकीसारखी. माझ्याच प्लॉटवर शिकली. माझा जो वाण आज सगळीकडं गाजतोय, त्याच्यात तिचाबी हातभार हाय. तिच्याकडं माझं थोडं बी राह्यलं असंल, ते वाया जाऊ नये, जाणत्या हातात यावं, एवढी मंदाताईला विनंती."

माझं बी म्हणाला, आक्का. तुझ्या फोटोपुढं उभा राहून.

मी उठले. बादलीतल्या झाडाची एक फांदी मोडली. तिच्यावर तीन कळ्या होत्या. ती घेऊन मी त्याच्यासमोर गेले. माइक त्याच्याच हातात होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाना, उद्या सकाळी ह्यातली कुठली उमलणार?"

तो हसला. "ताई, ही काय येळ हाय का?"

"एवढं एकच सांगा. बी तुमचं हाय ना?"

त्यानं चष्मा वर केला, खाली केला आणि थोडी उघडलेली कळी दाखवली. बायांमध्ये खसखस पिकली. मागून गीता म्हणाली, "ती आजचीच हाय नाना. उद्याची तिच्या बाजूची. पांढरी पडलेली." आणि चार-पाच जणी एकदम म्हणाल्या, "व्हय, बाजूची."

नानाचा चेहरा उतरला. "हे बायकांचं काम हाय," तो म्हणाला.

"बराबर. बायकांचंच हाय," मी म्हणाले. "म्हणून बी बायकांकडं चाललंय." आणि मी पुड्या वाटायला लागले. एकेकीचं नाव घेऊन. कपडा कसा बांधायचा ते त्यांना सांगायची गरज नव्हती, तूच तर शिकवलं होतंस. डबा रिकामा झाला. शेवटची पुडी मी नानापुढं धरली. "सगळ्यांना बारा. तुम्हालाबी बारा."

"मी काय भीक मागायला आलो का?" पुडी खुर्चीवर ठेवून तो निघून गेला. गीतानं ती पुडी उचलून आपल्या पुडीत घातली.

त्या दिवशी मी पोटभर जेवले. हेही तुला सांगायला हवं.

पण तू म्हणाली होतीस तेच झालं. पुढच्या सोमवारी नानाच्या मुकादमानं पुड्या घेतलेल्या अकरा बायांना यायला नको म्हणून सांगितलं. पहिलं नाव गीताचं. त्यांना टेम्पोनं भोकरदनच्या पलीकडं दुसऱ्याच्या प्लॉटवर जावं लागू लागलं, जायला दीड तास, यायला दीड तास. एक जण माझ्या दारात येऊन म्हणाली, "तुझा राग निघाला मंदा, आमचं काय?" घरात माझा नवराही बोलेना. दाजी एकटे म्हणाले, "झालं ते झालं," पण तेही माझ्याकडं न बघता. तुझ्यासाठी म्हणून जे केलं, त्यात तुझं काय होतं आणि माझं किती होतं, असं मी स्वतःला विचारलं. माझं जास्त होतं. तरी पस्तावा झाला नाही. बिलकुल नाही.

दसऱ्याच्या आधी कंपनीची गाडी आली. मी शेण आणायच्या निमित्तानं रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पाटी रिकामीच होती. दोघं साहेब शेडमध्ये शिरले, चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात बाहेर आले, आणि गाडी शेताच्या वाटेवरच वळवून गेले. नाना दारात उभा होता. त्यानं मला बघितलं. मी हटले नाही.

आणि चार दिवसांपूर्वी तो अंगणवाडीत आला. पोरांची खिचडी चालली होती. दारातूनच म्हणाला, "ताई, त्या दिवशी माझी पुडी राह्यली."

"राह्यली न्हाई. तुम्ही ठेवून गेल्ता."

"मंग ती दे."

"ती गीतानं लावली. रोपं तिच्या दारात हायेत."

त्यानं विचारलं, "गीता देईल का?" आक्का, ज्याचं उत्तर माहीत नाही असा प्रश्न विचारताना मी त्या माणसाला पहिल्यांदा ऐकलं.

"मला काय ठाऊक," मी म्हणाले.

तो वस्तीकडं वळला. मी मदतनीसबाईंवर पोरं सोडून मागं गेले, कोपऱ्यावरून बघायला. गीताला त्या दिवशी काम नव्हतं. तिनं त्याला अंगणात उन्हात उभं ठेवलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी अकरा जणींना कामावर बोलवा. मंग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम वस्तीत आला. अकराच्या अकरा नावं घेतली.

इथं मी लिहायची थांबले असते तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी कामावरून आल्यावर गीतानं तिच्या रोपांतली तीन काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि स्वतः नेऊन नानाच्या हातात दिली. वर त्याला सांगून आली, फुलांना कपडा बांधा, न्हाई तर पुन्हा भेसळ होईल.

मी तिच्या घरी जाऊन भांडले. म्हणाले, "तुला लाज न्हाई का? आक्काचं बी हाय ते."

ती भाकरी थापत होती. "तीनच तर दिलेत," म्हणाली. "आता त्याच्या शेडातबी बघू कसं येतं ते. अन् हे बघ, ह्या एका रोपाचं पान जरा रुंद निघालंय. ह्याला मी वेगळं काढून ठेवणार."

मी ताडकन उठून आले. दोन दिवस झाले, मी तिच्याशी बोलत नाही. अगदी तुझ्यासारखी बोलते ती, आणि मला तेवढाच राग येतो. सव्वा महिन्यात पहिल्यांदा कुणाशी तरी असं कडाकडा भांडले, आक्का. घरी येऊन चूल पेटवताना लक्षात आलं, मला जरा बरं वाटत होतं.